न ओतलेली प्लेट

मावशीने एका माणसाला यंत्रावरून खाली उतरवलं, तेही नुसता मायक्रोस्कोपला डोळा लावून, ही गोष्ट दूध पावडरच्या त्या कारखान्यात अजून सांगितली जाते. गेटवरचा वॉचमन सांगतो तेव्हा ती अशी असते: "आपल्याला काय देणं-घेणं नाही हां, पण ऐकलं ते सांगतो. त्याने कँटीनमध्ये हिच्या आधी चहा उचलला. बास. बाई पेटली!" पिशव्या शिवणारी ताई सांगते तेव्हा तिचा आवाज खाली जातो आणि भुवया वर जातात. "लग्नाची बोलणी झाली होती म्हणे दोघांची. मोडली. मग काय, अकरा वर्षं डूख धरून बसली होती बाई."

डूख वगैरे काही नव्हतं. अकरा वर्षांत त्या दोघांत शंभर वाक्यं झाली असतील तर डोक्यावरून पाणी, आणि त्यातली साठ "सॅम्पल घ्या" आणि "घेतलं" एवढीच. लग्नाची बोलणी तर लांबच, त्या माणसाच्या मुलीचं लग्न झालंय. उलट डूख असता तर बरं झालं असतं, असं मावशी स्वतः म्हणते. डूख धरून माणूस वाईट करतो तेव्हा निदान आपण काय करतोय हे त्याला ठाऊक असतं. मावशीने जे केलं ते सवयीने केलं, घाईत केलं, आणि रजिस्टरमध्ये रोज एक शून्य लिहून केलं.

मावशी कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. राहते बहिणीच्या, म्हणजे माझ्या आईच्या घरी, मागच्या खोलीत. नखं इतकी कापलेली की लिंबू सोलायचं तर दुसऱ्याला हाक मारते. पाहुण्यांकडे पाणी पिताना पेला उजेडात धरून बघते, मग आई तिला टेबलाखालून पाय मारते. आणि तिचं काम काय, असं कुणी विचारलं की ती म्हणते, "मेलेत असं ज्यांना वाटतं, त्यांच्यातले जिवंत शोधते."

दूध तापवलं की जंतू मरतात, हे सगळ्यांना माहीत असतं. मावशीचे जंतू या वाक्याला हसतात. ते उष्णतेचे शौकीन. आपला हात भाजेल अशा पंचावन्न अंशांत ते पाय पसरून संसार मांडतात. त्याहून जास्त तापलं किंवा खायला काही उरलं नाही, की स्वतःभोवती टणक कवच करून बी होऊन झोपतात. उकळा, वाळवा, पावडर करून पोत्यात भरा, बी झोपलेलं. पाणी आणि ऊब मिळाली की उठतं, आळस देतं आणि पुन्हा संसार सुरू. सहसा ते कुणाला आजारी पाडत नाहीत. पण पावडरमध्ये त्यांची संख्या वाढली म्हणजे कारखान्याचं यंत्र आतून नीट धुतलेलं नाही, असं गिऱ्हाईक समजतं आणि माल नाकारतं.

ते यंत्र म्हणजे दूध आटवायचं इव्हॅपोरेटर. तीन मजले उंच, पोटात गरम नळ्याच नळ्या. त्यावर बावीस वर्षं एकच माणूस होता. त्याला सगळे मिनिटकाका म्हणत, कारण त्याच्या तोंडी तास हा शब्दच नव्हता. "जेवायला येता का?" "अकरा मिनिटांनी." "मुलीचं बाळंतपण कधी?" "दिवस भरलेत. आता मिनिटांचा खेळ." यंत्र धुण्याचं वेळापत्रक तो श्लोकासारखं म्हणायचा, एका लयीत, नाकातून: "पाणी वीस मिनिटं, कॉस्टिक पंचेचाळीस, पाणी वीस, ॲसिड तीस, पाणी पंचवीस, आणि मग झाकण उघडून आपल्या डोळ्याने बघायचं."

मावशीची परीक्षा अशी. पावडर पाण्यात विरघळवायची आणि ती बाटली अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायची. जे साधे ते मरतात, जे बी होऊन झोपलेत ते उरतात. मग पहिल्या बाटलीतलं थोडं दुसऱ्या बाटलीतल्या स्वच्छ पाण्यात, दुसरीतलं तिसरीत, दर वेळी दहापट पातळ. प्रत्येकातलं थोडं काचेच्या प्लेटमध्ये ओतायचं, वर जंतूंच्या खाण्याची पातळ जेली, आणि प्लेटा पंचावन्न अंशांच्या गरम कपाटात दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ठिपके मोजायचे. एक ठिपका म्हणजे एका बीचं अख्खं खानदान.

आणि या सगळ्याबरोबर रोज एक प्लेट कोरी. तिच्यात पावडर नाही, फक्त बाटलीतलं पाणी आणि जेली. कोऱ्या प्लेटवर काही उगवलं, तर जंतू पावडरमधले नाहीत, प्रयोगशाळेतलेच. थोडक्यात, दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपला हात स्वच्छ आहे का, ते बघायची प्लेट.

त्या वर्षी माल दुप्पट झाला आणि मावशीच्या कपाटात जागा पुरेना. एक दिवस कोरी प्लेट राहिली. "उद्या ओतू," असं म्हणून तिने रजिस्टरात लिहिलं, कोरी: ०. दुसऱ्या दिवशीही राहिली. शून्य काढायला कितीसा वेळ लागतो? पेन एकदा गोल फिरवायचं. पुढे पुढे तर ती सकाळी चहा पिता पिताच आठवड्याची शून्यं काढून ठेवायची.

दुसरी गोष्ट झाकणांची. पाण्याच्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे भल्याथोरल्या प्रेशर कुकरमध्ये, निर्जंतुक करायच्या. तेव्हा झाकण अर्धा आटा सैल ठेवायचं असतं, म्हणजे वाफ झाकणाच्या आत, रबराखाली शिरते. पण सैल झाकणांतून पाणी उडायचं, चिठ्ठ्या भिजायच्या, आणि कुठली बाटली कुठली ते कळायचं नाही. मावशीने झाकणं गच्च आवळायला सुरुवात केली. आणि एका फेरीत काम उरकावं म्हणून बाटल्या अशा दाटीवाटीने कोंबल्या की वाफेला शिरायला फट नाही.

मग आकडे वर गेले. गिऱ्हाइकाची मर्यादा एका ग्रॅमला हजार, आणि मावशीचा आकडा तेरा हजार. सलग चार दिवस.

इथे एक गोष्ट झाली, जी मावशी आजही आवाज खाली घेऊन सांगते. पहिल्या प्लेटवर चौदा ठिपके होते, दुसरीवर बारा, तिसरीवर तेरा. दहापट पातळ केल्यावर ठिपके दहापट कमी व्हायला हवेत, हे शाळकरी पोरालाही कळेल. तिला तर कळलंच होतं. ती दोन मिनिटं प्लेटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गुठळ्या झाल्या असतील." आणि वाईटात वाईट आकडा धरावा, म्हणजे कंपनी सुरक्षित, असं मनाशी म्हणत तिसऱ्या प्लेटचे तेरा घेतले, त्यांना हजाराने गुणलं आणि खाली सही केली.

कारखान्याचे साहेब प्रत्येक वाक्याला मुद्दा जोडतात. "मुद्दा काय आहे, यंत्र धुतलं जात नाहीये. मुद्दा काय आहे, धुणारा कोण?" मिनिटकाका त्यांच्या टेबलासमोर उभा राहिला आणि श्लोक म्हणून दाखवला. साहेब म्हणाले, "मुद्दा काय आहे, पाठांतर नको, रिपोर्ट बघा." रिपोर्टवर मावशीची सही होती. बावीस वर्षांचा माणूस दुसऱ्या दिवसापासून पोती शिवायला आणि लादायला गेला. यंत्रावर नवा माणूस आला.

साहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना मिनिटकाकाने मावशीला एकच प्रश्न विचारला. रागाने नाही, एखादा सुटलेला बोल्ट दाखवावा तसा. "मॅडम, तुमचं पाणी एकदा तपासलंत का?"

मावशी म्हणाली, "तुम्ही तुमचं बघा. माझं मी बघते."

हे वाक्य ती घरी येऊन अभिमानाने सांगत होती. पोळी मोडता मोडता. "मला शिकवतो! अकरा वर्षं झाली मला." आई म्हणाली, "बरं केलंस." घरातल्या सगळ्यांनीच त्या रात्री मान डोलावली होती, हे इथे लिहायला हवं.

नवा माणूस आला, तरी आकडा हलेना. बारा हजार, चौदा हजार. साहेब हैराण. म्हणाले, "मुद्दा काय आहे, हा जंतू कोण? नाव-गाव सांगा. गिऱ्हाईक विचारतंय." तेव्हा मावशीने तो उलगडायला घेतला.

काचेच्या पट्टीवर ठिपका फासला, हिरवा रंग घालून वाफेवर धरला, धुतला, मग गुलाबी रंग दिला. मायक्रोस्कोपखाली गुलाबी कांड्या दिसल्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला फुगलेलं हिरवं बी, काडेपेटीतल्या काडीच्या गुलासारखं. फ्रीजमध्ये तिच्याकडे इव्हॅपोरेटरच्या नळ्या खरवडून पूर्वी काढलेले जंतू जपून ठेवलेले होते. त्या यंत्राचे जुने भाडेकरूच म्हणा. दोघांना शेजारी शेजारी वाढवलं. जुने पिवळसर उगवले, नवे पांढुरके. मग दोघांना पासष्ट अंशांत ठेवलं. जुने भाडेकरू ढिम्म, एकही उगवला नाही. नवे मात्र तिथेही मजेत वाढले.

म्हणजे हे यंत्रातले नव्हतेच. मग कुठले? इतके चिवट कोण असतात?

तिचा हात फ्रीजच्या दारातल्या एका खोक्याकडे गेला आणि तिथेच थबकला. ऑटोक्लेव्ह नीट तापतो की नाही हे तपासायला छोट्या कुप्या विकत मिळतात. त्यांत मुद्दाम असेच जंतू भरलेले असतात, सगळ्यांत चिवट. ते मेले तर बाकीचे नक्की मेले. दोन महिन्यांपूर्वी अशी एक कुपी तिच्या हातून सिंकमध्ये फुटली होती. त्याच सिंकमध्ये बाटल्यांची झाकणं भिजत पडली होती. तिने काचा वेचल्या, पाणी सोडलं, आणि झाकणं धुऊन बाटल्यांना लावली. गच्च.

पायाखालची वाळू सरकणे वगैरे वाक्प्रचार मराठीच्या पेपरात आपण लिहितो. मावशी म्हणते, वाळूबिळू काही सरकत नाही. कानांत आपल्याच रक्ताचा आवाज येतो फक्त.

तिने कोरी प्लेट ओतली. कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा. दोन दिवस कपाटाकडे पाठ करून बसली. तिसऱ्या दिवशी दार उघडलं. कोऱ्या प्लेटवर तेरा ठिपके होते.

आता ऐका, खरी गोष्ट इथे आहे. मावशीने झाकणं रबरं काढून घासली, अर्धा आटा सैल ठेवली, बाटल्या मोकळ्या मांडल्या. आकडा धाडकन खाली आला: एकशेवीस. साहेब खुशीत प्रयोगशाळेच्या दारात. "मुद्दा काय आहे, माणूस बदलला, आकडा उतरला! मी म्हणालो होतो की नाही?"

मावशी म्हणाली, "हो सर."

बास, एवढंच. दोन शब्द. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आता त्या फाशीवर शिक्काही मारून झाला.

आठ दिवस ती गप्प होती. लोडिंगच्या धक्क्यावरून जावं लागू नये म्हणून बॉयलरच्या मागून, भंगाराच्या पत्र्यांवरून उड्या मारत कँटीनला जायची. सँडलचा बंद तुटला. घरी ताटावर बसून भात चिवडायची. आई म्हणायची, "अगं, काय झालं ते सांग तरी. पोटात ठेवून काय लोणचं घालणार आहेस?" आठव्या दिवशी तिने आईला सांगितलं. आईने भाताचं पातेलं झाकलं. मग म्हणाली, "सांगितलंस तर काय होईल?"

"सहीचा अधिकार जाईल. कदाचित नोकरीही."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर काही नाही. आकडा उतरलाय. कुणी विचारणारही नाही."

"मग जेवत का नाहीयेस?"

नवव्या दिवशी पोत्यांचं सॅम्पल घ्यायला तिला धक्क्यावर जावंच लागलं. मिनिटकाका एका पोत्याचं तोंड शिवत होता. पंचवीस किलोची पोती उचलून त्याचे हात सोलले होते, बोटांना चिकटपट्ट्या होत्या. त्याने मान वर केली.

"मॅडम, आकडा उतरला म्हणे."

"हं."

"एकशेवीस?"

"हं."

"चांगलं झालं," तो म्हणाला आणि दोरा तोडला. "म्हणजे चूक माझीच होती. मी रोज घरी बसून हिशेब करतो, कुठलं मिनिट खाल्लं आपण. कॉस्टिकचं खाल्लं, की शेवटच्या पाण्याचं? सापडत नाही. बायको म्हणते, सोडा. पण खाल्लं असणारच ना? तुमच्या प्लेटा खोटं कशाला बोलतील?"

मावशीने चमचा सॅम्पलच्या पिशवीत परत ठेवला. त्याने तिला शिव्या घातल्या असत्या, तर तिने पचवल्या असत्या. पण तो माणूस न केलेली चूक स्वतःच्या बावीस वर्षांत शोधत बसला होता, आणि त्याच्याकडे ती नव्हती, कारण ती हिच्या झाकणाखाली होती.

तिने सॅम्पल घेतलंच नाही. तडक साहेबांच्या खोलीत गेली. रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं आणि शून्यांच्या रांगेवर बोट ठेवलं. "सर, ही शून्यं खोटी आहेत. या प्लेटा मी ओतल्याच नाहीत."

"मुद्दा काय आहे?"

"मुद्दा हा आहे सर, की जंतू माझ्या पाण्यात होते. यंत्रात नव्हते. ते धुणारा माणूस बरोबर होता."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अहो, पण आता आकडा उतरलाय ना? गिऱ्हाईक गप्प आहे. हे आता कशाला उकरता?"

"तो पोती शिवतोय, सर."

"मुद्दा…" साहेब म्हणाले आणि त्यांना पुढे सुचेना. असं पहिल्यांदाच झालं म्हणतात.

नोकरी गेली नाही. सही सहा महिन्यांसाठी गेली. रिपोर्टवर दुसऱ्याच शाखेतला एक माणूस सही करू लागला, आणि मावशी त्याला रोज प्लेटा मोजून दाखवू लागली. गिऱ्हाइकाला पत्र गेलं, त्यात "प्रयोगशाळेतील त्रुटी" असे शब्द होते. मावशी म्हणाली, "त्रुटी नाही, माझी चूक असं लिहा." ते काही कुणी लिहिलं नाही.

मिनिटकाका परत यंत्रावर आला. पहिल्याच दिवशी मावशी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेली. वाक्य पाठ करून गेली होती, घरी आरशासमोर तीनदा म्हणून. तिथे गेल्यावर फक्त "माझं चुकलं" एवढंच निघालं.

त्याने गेजवरची नजर काढली नाही. "चुकणं वेगळं, मॅडम. मी विचारलं होतं तुम्हाला, पाणी तपासलंत का म्हणून."

"हो."

"तेव्हा तपासलं असतं तर चुकणं झालं असतं. नंतर आठ दिवस बोलला नाहीत, ते काय?"

त्याने गेजचा आकडा वहीत टिपला.

"माफबिफ मला जमणार नाही," तो म्हणाला. "एक करा. ती कोरी प्लेट असते ना, ती रोज मला दाखवायची. कागदावर नाही. काच माझ्या हातात."

दुसऱ्या सकाळी तो प्रयोगशाळेत आला. मावशीने प्लेट दिली. त्याने ती खिडकीशी नेली, तिरकी केली, श्वास रोखून बघितली, परत दिली आणि गेला. तिसऱ्या सकाळी तेच. चौथ्या सकाळी तेच.

मावशी हे घरी सांगायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर अपराधाचंच काहीतरी असायचं, पण आता भात ताटात उरत नसे. हे लिहिणारी तिची भाची तेव्हा मिनिटकाकाची नाकातली लय अगदी बिनचूक काढायला शिकली होती, आणि ज्याचा आवाज काढता येतो तो माणूस आपल्याला कळला, असा तिचा पक्का समज होता. ती म्हणाली, "पंधरा दिवस येईल. मग कंटाळेल. मग एक दिवस हसेल आणि म्हणेल, जाऊ द्या मॅडम, झालं गेलं. लाव पैज."

मावशी म्हणाली, "तो हसणार नाही. आणि थांबणारही नाही."

"वर्षभर?"

"वर्षभर."

हरणाऱ्याने महिनाभर सकाळी साडेपाचला उठून जिंकणाऱ्याची छत्री, डबा आणि पिशवी कंपनीच्या बसथांब्यापर्यंत वाहून न्यायची, असं ठरलं. भाचीने टाळी दिली, कारण साडेपाच ही वेळ घड्याळात असते यावर तिचा विश्वास नव्हता.

वर्ष झालं त्या दिवशी मावशीने घरी येऊन चपला काढल्या आणि म्हणाली, "आजही आला होता."

"हसला?"

"नाही. पण गेल्या महिन्यापासून जाताना दार ओढून घेतो."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला उठून भाची डबा घेऊन थांब्यावर उभी होती. मिनिटकाकाही होता, मावशीपासून चार हात लांब, रस्त्याच्या टोकाकडे बघत. असे अजून एकोणतीस दिवस काढायचे होते.